कधी थांबायचं, कुठे बघायचं : ऑटोफोकसच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

कॅमेऱ्याच्या मोड डायलवर यू१ आणि यू२ अशी दोन घरं रिकामी पडून आहेत. त्यांत फोकसची दोन सेटिंग्ज कायमची भरून ठेवायची, एवढाच हा प्रकल्प. एक स्थिर विषयासाठी, एक हलत्या विषयासाठी. कॅमेरा यापुढे भाचीही वापरणार आहे, त्यामुळे ‘मला असंच बरं वाटतं’ हे कारण चालणार नाही. ज्या सेटिंगच्या बाजूने फोटो काढून दाखवता येतील तेच ठेवायचं.

सामान : ५१ फोकस पॉइंटचा (पॉइंट म्हणजे फ्रेममधल्या फोकस मोजता येणाऱ्या जागा), १.५ क्रॉपचा (सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा दीडपट लहान असलेला) डीएसएलआर, ५० मिमी एफ/१.८ आणि ७०-३०० मिमी अशा दोन लेन्स, ट्रायपॉड, स्टीलची फूटपट्टी, थोडे छापील कागद. मोडची नावं निकॉनची लिहितोय, कारण हातात तो आहे. एएफ-एस म्हणजे एकदा जुळला की थांबणारा फोकस, एएफ-सी विषयाच्या मागे फिरत राहणारा, एएफ-ए या दोन्हींतलं स्वतः निवडणारा. कॅननवाल्यांनी एएफ-एसच्या जागी वन शॉट, एएफ-सीच्या जागी एआय सर्व्हो आणि एएफ-एच्या जागी एआय फोकस वाचावं. बारीकसारीक फरक आहेत, पण मूळ कल्पना त्याच.

मेनू चाळताना पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की फोकसबद्दलचे तीन निरनिराळे प्रश्न तीन ठिकाणी विखुरलेले आहेत. फोकस जुळल्यावर लेन्सने थांबायचं की विषयाच्या मागे फिरत राहायचं, हा फोकस मोड. फ्रेममध्ये नेमकं कुठे बघायचं, हा एरिया मोड. तिसरा प्रश्न म्हणजे फोकस जुळलेला नसतानाही शटर सुटू द्यायचं का, आणि फोकस करण्याचं काम शटरच्या बटणाकडे ठेवायचं की दुसऱ्या कुठल्या. या तिसऱ्याला धड एक नावही नाही. तो कस्टम सेटिंगच्या यादीत खोल दडलेला असतो, आणि माझा अंदाज असा की निम्मी भानगड तिथेच आहे.

‘थ्रीडी ट्रॅकिंग चालत नाही’ अशी तक्रार अनेकदा ऐकली आहे (हा हलत्या विषयाचा माग काढणारा एरिया मोड). आज पाहिलं तर एएफ-एसमध्ये तो पर्याय कॅमेरा दाखवतच नाही. तिथे फक्त सिंगल पॉइंट (आपण निवडलेला एकच पॉइंट) आणि ऑटो (पॉइंट कॅमेराच निवडतो). म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाचे पर्याय ठरवतं.

७ जानेवारी

कॅमेरा आतून कसं बघतो ते समजल्याशिवाय मोड समजणार नाहीत. आज फोटो नाहीत, नुसतं वाचन आणि कागदावर आकृत्या.

व्ह्यूफाइंडरमधून आपण बघतो तेव्हा समोरचा आरसा बराचसा प्रकाश वर पाठवतो. पण त्या आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून पलीकडे गेलेला प्रकाश मागच्या एका छोट्या आरशावर पडतो आणि तिथून खाली, तळाशी बसवलेल्या फोकस मॉड्यूलमध्ये जातो. या मॉड्यूलमध्ये लेन्सच्या दोन विरुद्ध बाजूंनी आलेल्या किरणांच्या दोन वेगळ्या प्रतिमा पडतात. फोकस बरोबर असेल तर दोन प्रतिमांमधलं अंतर ठरलेलं असतं. ते कमी भरलं तर फोकस एका बाजूला घसरलाय, जास्त भरलं तर दुसऱ्या. किती घसरलाय तेही त्याच मोजणीत कळतं. म्हणून लेन्सला आधी पुढे जाऊन मग मागे येऊन बघावं लागत नाही. कुठे जायचं ते निघण्यापूर्वीच ठाऊक असतं. याला फेज डिटेक्शन म्हणतात.

लाइव्ह व्ह्यू (व्ह्यूफाइंडरऐवजी मागच्या पडद्यावर बघणं) लावला की आरसा वर जातो आणि या मॉड्यूलपर्यंत प्रकाशच पोचत नाही. मग माझ्यासारख्या कॅमेऱ्यात मुख्य सेन्सरवरच्या चित्राचा कॉन्ट्रास्ट मोजत लेन्स हळूहळू सरकते. कॉन्ट्रास्ट उतरायला लागल्याशिवाय मघाचा बिंदू सर्वांत वरचा होता हे कळत नाही, म्हणून ती थोडी पुढे जाऊन मागे येते. हळू आहे, पण जिथे फोटो उमटणार त्याच सेन्सरवर मोजते, हा तिचा मोठा गुण. तो पुढे उपयोगी पडेल. (कॅननने २०१३ मध्ये ७०डी या कॅमेऱ्याच्या मुख्य सेन्सरवरच फेज डिटेक्शन आणलं तेव्हा लाइव्ह व्ह्यूचं हे रडगाणं त्यांच्यापुरतं बरंच मिटलं.)

यातून दोन गोष्टी टिपून ठेवतो. फोकस मॉड्यूलला जुळवून बघायला रेषा, कडा, पोत असं काहीतरी लागतं. आणि प्रत्यक्ष फोटो निघतो त्या क्षणी आरसा वर असतो, म्हणजे ऐन वेळी फोकसच्या यंत्रणेला काहीच दिसत नसतं.

९ जानेवारी

रेषांचा प्रयोग. पांढऱ्या कागदावर काळ्या जाड समांतर रेषा, कॅमेरा ट्रायपॉडवर, एएफ-एस, सिंगल पॉइंट.

मधला पॉइंट रेषा उभ्या असोत की आडव्या, झटकन पकडतो. अगदी कडेचा पॉइंट घेतला तर रेषा एका दिशेत असताना ठीक, कागद ९० अंशांत वळवला की लेन्स या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन येते आणि हात टेकते. कारण सरळ आहे : ५१ पैकी १५ पॉइंट क्रॉस प्रकारचे आहेत, दोन्ही दिशांच्या रेषा ओळखणारे, आणि ते सगळे मधल्या तीन उभ्या ओळींत आहेत. बाकीच्यांना एकाच दिशेच्या रेषा दिसतात. कागद तिरका धरला तर कडेचाही पॉइंट पकडतो. म्हणजे कडेचा पॉइंट अडला तर कॅमेरा किंचित कलता करून फोकस घ्यायचा, मग सरळ करायचा. ही युक्ती आजपासून वापरात.

कोरा कागद ठेवला की कुठलाच पॉइंट काही करत नाही. अपेक्षितच होतं. कोरी भिंत, निरभ्र आकाश, दाट धुकं, सगळ्यांची तीच गत. कोऱ्या कागदापेक्षाही त्रासदायक निघाली ती बारीक, एकसारख्या चौकटींची जाळी. तिथे दोन प्रतिमा जुळवताना एक चौकट शेजारच्या चौकटीशी जुळू शकते. मग कॅमेरा ‘जुळलं’ म्हणून बीप देतो आणि फोटो मऊ, म्हणजे धूसर, येतो. न जुळल्याचं सांगणारा कॅमेरा परवडला.

आणखी एक : व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारा चौकोन आणि प्रत्यक्षात मोजणारा भाग एकाच आकाराचे नाहीत. कोऱ्या कागदावर एकच काळी रेघ ओढली आणि ती चौकोनाच्या जरा बाहेर ठेवली, तरी फोकस तिच्यावर गेला. फांदीआडच्या पक्ष्याऐवजी फांदी का तीक्ष्ण येते, त्याचं उत्तर बहुधा यातच आहे. चौकोन फांदीला लागलेला नसला तरी मोजणारा भाग लागलेला असतो.

१३ जानेवारी

एएफ-एस. अर्धं बटण दाबलं, फोकस जुळला, बीप, लॉक. बटण अर्धं दाबलेलं आहे तोवर लेन्स जागची हलत नाही. स्थिर वस्तूसाठी याहून सोपं काही नाही, आणि सगळे जण मधल्या पॉइंटने लॉक करून मग फ्रेम सरकवतात ती याच मोडमध्ये.

पण ५० मिमी लेन्स एफ/१.८ वर ठेवून जवळून चेहरे काढताना डोळ्याऐवजी कान तीक्ष्ण येतात, हे बऱ्याच दिवसांपासून खुपत होतं. भाची म्हणाली, “मामा, लेन्स बिघडलीय.” लेन्सला दोष देण्यापूर्वी गणित मांडून बघितलं.

मधल्या पॉइंटने १ मीटरवरच्या डोळ्यावर फोकस घेतला आणि कॅमेरा १० अंश वळवला. फोकसचं प्रतल आता कॅमेऱ्यासमोर १ मीटरवर, नव्या दिशेला काटकोनात आहे. डोळा मात्र त्या दिशेने मोजला तर १ मीटर गुणिले कोस १०, म्हणजे साडेअठ्ठ्याण्णव सेंटिमीटरवर आला. फोकस डोळ्याच्या दीड सेंटिमीटर मागे गेला. या लेन्सची एफ/१.८ वर १ मीटर अंतराला डेप्थ ऑफ फील्ड (प्रतलाच्या पुढे-मागे तीक्ष्ण दिसणारा पट्टा) सगळी मिळून तीनेक सेंटिमीटर, म्हणजे प्रतलाच्या पुढे, डोळ्याच्या बाजूला, जेमतेम दीड. सगळी सवलत वळवण्यातच संपली. वर आपण आणि समोरचा माणूस थोडेतरी डुलतोच.

अंतर वाढवलं तर? २ मीटरवर घसरण दुप्पट होते, तीन सेंटिमीटर. पण डेप्थ चौपट होते, पुढच्या बाजूला सुमारे साडेपाच. ३ मीटरवर घसरण साडेचार सेंटिमीटर, डेप्थ पुढे सुमारे बारा. म्हणजे जितकं जवळ तितकी ही पद्धत धोक्याची, लांबून तिचा काही त्रास नाही. मला उलटंच वाटत होतं, की लांबवर चूक वाढत जाईल. चूक वाढतेच, पण सवलत तिच्यापेक्षा वेगाने वाढते.

संध्याकाळी ट्रायपॉडवर पडताळलं. छापील मजकुराचा कागद १ मीटरवर, एकदा मधल्या पॉइंटने लॉक करून वळवून, एकदा डोळ्याच्या जागीच असलेला पॉइंट निवडून. फरक शंभर टक्के झूम न करताही दिसतो.

निर्णय : २ मीटरच्या आत आणि एफ/२.८ पेक्षा मोठं (म्हणजे आकडा लहान) अ‍ॅपर्चर असेल तर पॉइंट सरकवायचा, फ्रेम नाही.

१४ जानेवारी

लेन्सवर आळ आलाच आहे तर तीही चाचणी. ट्रायपॉड, तिरकी फूटपट्टी, तिच्या शून्यापाशी उभा ठळक अक्षरांचा कागद. एक फोटो व्ह्यूफाइंडरच्या फोकसने, एक लाइव्ह व्ह्यूच्या. लाइव्ह व्ह्यू मुख्य सेन्सरवरच मोजत असल्याने त्याला प्रमाण धरायचं. दर वेळी आधी लेन्सचा फोकस हाताने पूर्ण बिघडवायचा, नाहीतर आधीच्याच फोकसवर ती बसून राहते.

दोन्हींत फरक नाही. एएफ फाइन ट्यूनमध्ये (लेन्सचा फोकस नेहमी एकाच बाजूला घसरत असेल तर तो सुधारणारी सेटिंग) उणे २० ते अधिक २० अशी सोय आहे, ती शून्यावरच राहू दिली. लेन्स निर्दोष.

१९ जानेवारी

हलता विषय. रिकामा सरळ रस्ता, भाची सायकलवर, थेट माझ्याकडे येणार. झूम २०० मिमीवर, एफ/५.६, शटर १/१०००.

आधी एएफ-एस, सलग फ्रेम. पहिली फ्रेमही मऊ, पुढच्या आणखी मऊ, कारण फोकस पहिल्याच जागी गोठलेला. बटण दाबून लगेच फोटो काढला तरी चुकतोच. सायकल सेकंदाला ५ मीटर येत असेल आणि बटण दाबल्यापासून शटर उघडेपर्यंत सेकंदाचा विसावा भाग जात असेल, तर तेवढ्यात ती पाव मीटर पुढे आलेली असते. ५ मीटर अंतरावर या झूमची डेप्थ पुढे-मागे सातेक सेंटिमीटर.

मग एएफ-सी. इथे बीप नाही, लॉकही नाही. बटण अर्धं दाबलेलं आहे तोवर लेन्स सायकलच्या मागे फिरत राहते. नुसतं मागे राहून मात्र भागत नाही. आरसा वर असतानाच्या अंधाऱ्या क्षणात विषय कुठे पोचलेला असेल याचा अंदाज कॅमेरा आधीच्या मोजण्यांवरून बांधतो आणि लेन्स तिथे नेऊन ठेवतो. म्हणून एकाच वेगाने येणारी सायकल त्याला आवडते. बहुतेक फ्रेम चांगल्या आल्या.

बहुतेक, सगळ्या नाहीत. अगदी जवळ आल्यावरच्या फ्रेम हमखास मऊ. आणि सुरुवातीच्या एक-दोनही. दोन्हींची कारणं वेगळी असणार.

२० जानेवारी

जवळच्या फ्रेमचं कारण गणितात सापडलं. साध्या भिंगाच्या सूत्राने, २०० मिमीची लेन्स अनंतावरून २० मीटरवर आणायला सुमारे २ मिमी सरकावी लागते. १० मीटरसाठी ४ मिमी, ५ मीटरसाठी ८.३ मिमी. सायकल २० वरून १० मीटरवर यायला दोन सेकंद घेते, त्यात लेन्सला २ मिमी चालायचं. १० वरून ५ वर यायला एकच सेकंद, आणि त्यात ४ मिमीहून जास्त. सायकलचा वेग तोच, लेन्सला मात्र चौपट वेगाने धावावं लागतं. आतल्या काचा प्रत्यक्षात किती हलतात ते लेन्सच्या रचनेवर आहे, पण जवळ येता येता मागणी अशीच चढत जाते.

फोकस फिरवणारी मोटर कुठे बसवायची हा जुना वाद इथे समजतो. १९८५ च्या मिनोल्टा ७००० मध्ये मोटर कॅमेऱ्यात होती आणि एका दांड्यातून लेन्सला फिरवायची. कॅननने १९८७ मध्ये ईओएस आणताना प्रत्येक लेन्सला तिची स्वतःची मोटर दिली आणि त्यासाठी जुना माउंट (लेन्स कॅमेऱ्याला अडकवायची कडी) सोडून दिला. जुन्या लेन्सवाल्यांचा तेव्हा संताप झाला असणार, पण जड काचा झपाट्याने हलवायच्या तर तिथेच तिला शोभेल अशी मोटर हवी, हे आजच्या फ्रेम बघून पटतं.

व्यवहार एवढाच : अगदी जवळ येईपर्यंत वाट बघायची नाही. सर्वांत चांगल्या फ्रेम मधल्या टप्प्यात मिळतात.

२५ जानेवारी

एएफ-सी कायम ठेवून एरिया मोड बदलत गेलो. तीच सायकल, आता नागमोडी.

सिंगल पॉइंट : चौकोन अंगावर ठेवता आला तर सर्वांत नेमका. पण सायकल वळली की चौकोन मागच्या झाडीवर जातो आणि लेन्सही.

डायनॅमिक ९ : निवडलेला पॉइंट मुख्य, विषय तिथून क्षणभर निसटला तर भोवतालचे आठ मदतीला. व्ह्यूफाइंडरमध्ये फक्त मुख्य पॉइंट दिसतो, त्यामुळे मदत चालू आहे हे कळत नाही, फोटोवरूनच समजतं. माझ्या हाताला हा सर्वांत मानवला. (कॅननमध्ये एएफ पॉइंट एक्स्पान्शन याच्या जवळचं.) ५१ पॉइंटचा डायनॅमिक आकाशातल्या पाखरासाठी ठीक, कारण मागे पकडण्यासारखं काही नसतं, झाडीसमोर तो भलतीकडे रमतो.

थ्रीडी ट्रॅकिंग : हा वेगळाच. सुरुवातीच्या पॉइंटखालचा रंग लक्षात ठेवतो आणि तो रंग फ्रेममध्ये जिथे जाईल तिथे पॉइंट नेतो. एक्सपोजर मोजणारा २०१६ पिक्सेलचा आरजीबी सेन्सर यासाठी वापरला जातो. भाचीने लाल जॅकेट घातलं तेव्हा पॉइंट तिला चिकटून बसला, बघायला मजा आली. करड्या शर्टात करड्या रस्त्यावर तो वाट चुकला. म्हणजे हा मोड वापरायचा की नाही ते समोरच्याच्या कपड्यांवर.

ऑटो : साधारण जवळात जवळची गोष्ट पकडतो. सायकलचं पुढचं चाक उत्तम तीक्ष्ण.

२६ जानेवारी

कालच्या फोटोंत एक गोष्ट राहिली होती. रस्त्याकडेचा खांब मध्ये आला की काय होतं? त्यासाठी फोकस ट्रॅकिंग विथ लॉक-ऑन नावाची सेटिंग. ‘बंद’ असताना खांब आला की लेन्स लगेच खांबावर उडी मारते. ‘लांब’ असताना खांबाकडे दुर्लक्ष करून सायकलची वाट बघते. पण मुद्दाम एका विषयावरून दुसऱ्यावर जायचं असेल तर तीच ‘लांब’ सेटिंग आळशी वाटते. बटण सोडून पुन्हा दाबावं लागतं. तूर्त मधली ३ कायम.

१ फेब्रुवारी

एएफ-ए. कॅमेऱ्यानेच ठरवायचं, विषय थांबलाय की हलतोय.

बसलेलं मांजर : एएफ-एससारखं लॉक, बीप. मांजर उठून चालू लागलं, फोकस काही काळ जुन्या जागीच राहिला. वाऱ्यात डुलणारं फूल : यावेळी उलट. फूल हलतंय म्हणून कॅमेऱ्याने पाठलाग सुरू केला, मी फ्रेम सरकवल्यावर फोकस मागच्या पानावर गेला.

कॅमेऱ्याने कोणता निर्णय घेतला ते व्ह्यूफाइंडरमध्ये कुठे लिहून येत नाही. बीप आला तर लॉक, नाही आला तर पाठलाग, एवढीच खूण. आणि बीप तर मी सहसा बंद ठेवतो. एएफ-ए वाईट नाही, पण एखादा फोटो का बिघडला ते नंतर शोधता येत नाही. यू१, यू२ दोन्हींतून बाद.

३ फेब्रुवारी

झोपाळा. हे भाचीचं डोकं, “सायकल सोपीय मामा, झोपाळ्यावर करून दाखव.”

समोरून घेतला तर झोपाळा हा एएफ-सीचा खरा वैरी आहे. वेग सतत बदलतो, दोन्ही टोकांना शून्य होतो आणि दिशा उलटते. मागच्या मोजण्यांवरून पुढचा अंदाज बांधणाऱ्याला टोकावर नेमका चुकवणारा. मधल्या टप्प्यात फ्रेम बऱ्या, टोकापाशी हुकलेल्या.

पण टोकाला झोपाळा क्षणभर थांबतोच. तिथे पाठलागाची गरजच नाही. पुढच्या टोकाशी उभं राहून त्या अंतरावर एकदा फोकस घेतला, लेन्स तिथे ठेवली आणि फक्त वेळ साधून शटर दाबलं. फोटो तीक्ष्ण, चेहऱ्यावरचं हसू सगळं जागच्या जागी. विषय भरपूर हलतोय आणि उपाय मात्र स्थिर विषयाचा. ४ जानेवारीला केलेली ‘स्थिर’ आणि ‘हलता’ ही वाटणी इथे डळमळायला लागली.

८ फेब्रुवारी

आता तिसरा प्रश्न, शटर केव्हा सुटू द्यायचं. कारखान्यातून येताना एएफ-एसला ‘फोकस’ प्रायॉरिटी असते : जुळल्याशिवाय फोटो निघत नाही. एएफ-सीला ‘रिलीज’ : तुम्ही दाबलं की निघणार, जुळो न जुळो.

१९ जानेवारीच्या सुरुवातीच्या मऊ फ्रेमचं कारण हेच. बोट थेट खालपर्यंत गेलं, लेन्स पोचायच्या आत शटर सुटलं. एएफ-सीला ‘फोकस’ प्रायॉरिटी देऊन पाहिली. सुरुवातीच्या मऊ फ्रेम गेल्या, पण सलग फ्रेमचा वेग अडखळायला लागला, आणि हवा तो क्षण त्या अडखळण्यात निघून गेला. शिवाय ‘फोकस’ प्रायॉरिटीतही प्रत्येक फ्रेम तीक्ष्ण येते असं नाही. कॅमेऱ्याने हो म्हटल्यानंतरही आरसा वर जायचा वेळ उरतोच.

तिसरा मार्ग जास्त चांगला निघाला. प्रायॉरिटी ‘रिलीज’च ठेवायची, पण फोटोची वेळ यायच्या आधी अर्धा-एक सेकंद विषयावर पॉइंट धरून कॅमेऱ्याला पाठलाग करू द्यायचा. त्याच्याकडे पुरेशा मोजण्या जमल्या की मग शटर. पूर्ण वेगाने फ्रेम मिळतात, आणि पहिलीही चांगली.

१५ फेब्रुवारी

मागच्या एई-एल/एएफ-एल (एक्सपोजर आणि फोकस लॉक करणाऱ्या) बटणाला एएफ-ऑनचं, म्हणजे फोकस सुरू करण्याचं, काम दिलं. आता मागचं बटण अंगठ्याने दाबलं तरच फोकस होतो. शटरचं बटण अर्धं दाबल्यावर फक्त एक्सपोजर मोजलं जातं.

पहिला तास वैतागाचा. त्यानंतर मात्र सगळ्या जुन्या नोंदी एका जागी आल्या. मोड एएफ-सी. अंगठा दाबून ठेवला की पाठलाग. सोडला की लेन्स आहे तिथे थांबली, म्हणजे एएफ-एसचा लॉक. झोपाळ्याच्या टोकावर एकदा दाबून सोडायचं, मग फक्त शटर. मांजर बसलंय तोवर दाबून सोडलेलं, उठलं की धरून ठेवायचं. एएफ-ए जे ठरवायला बघत होता ते अंगठा करतो, आणि काय ठरलं ते मला माहीत असतं.

भाचीला दाखवलं. तिने थोडा वेळ वापरून विचारलं, “मग एएफ-एस कशाला ठेवायचं?” तेव्हा उत्तर नव्हतं.

२२ फेब्रुवारी

उत्तर अंधाऱ्या खोलीत मिळालं. एकच मंद दिवा, ५० मिमी, भाचीचा चेहरा. एएफ-सीमध्ये लेन्स चाचपडत राहते. एएफ-एस लावलं की कॅमेऱ्यावरचा छोटा मदतीचा दिवा पेटतो, चेहरा उजळतो आणि फोकस जुळतो. एएफ-सीमध्ये तो दिवा पेटतच नाही. एएफ-एसमध्येही सिंगल पॉइंटवर असाल तर मधलाच पॉइंट निवडलेला हवा, आणि ३ मीटरपलीकडे त्याचा फारसा उपयोग नाही. समोरचा डोळे मिचकावतो ते वेगळं.

शिवाय जुळेपर्यंत शटर न सुटणं इथे फायद्याचं आहे. अंधारात छोट्या पडद्यावर सगळेच फोटो तीक्ष्ण वाटतात.

म्हणजे यू१ आणि यू२ मधली वाटणी विषय हलतोय की नाही अशी नाहीच. उजेड पुरेसा आहे आणि फोकस कधी थांबवायचा ते मला ठरवायचंय, तेव्हा एक. उजेड कमी आहे, किंवा कॅमेरा अनोळखी हातात द्यायचाय, तेव्हा दुसरं.

२३ फेब्रुवारी

भाचीची हरकत : “एका घरात फोकस अंगठ्याने, दुसऱ्यात शटरने. घाईत कोण लक्षात ठेवणार?” रास्त आहे. यू१मध्येही अंगठा ठेवावा असं आधी वाटलं होतं. पण ज्याला आपला फोटो काढायला सांगतो त्याच्या हातात असा कॅमेरा दिला की तो बटण दाबतो आणि सगळे फोटो धूसर येतात. यू१ शटर बटणावरच राहील. रोजचं घर यू२. यू१ला जाणं क्वचितच, आणि जाताना डायल फिरवावी लागते, तेवढी आठवण पुरते.

१ मार्च

भरलं.

यू१ : एएफ-एस, सिंगल पॉइंट, मधला पॉइंट, ‘फोकस’ प्रायॉरिटी, फोकस शटर बटणावर, मदतीचा दिवा चालू, बीप चालू.

यू२ : एएफ-सी, डायनॅमिक ९, ‘रिलीज’ प्रायॉरिटी, लॉक-ऑन ३, फोकस अंगठ्याच्या बटणावर, बीपचा प्रश्नच नाही.

सेटअप मेनूतून ‘सेव्ह युझर सेटिंग्ज’ करावं लागतं. नुसतं डायल यू२ वर नेऊन बदल केले तर कॅमेरा बंद झाल्यावर ते पुसले जातात. हे भाचीच्या सोयीचंच आहे : तिने काहीही ढवळलं तरी बंद करून चालू केलं की घर पुन्हा जसंच्या तसं.

चेहरे जवळून काढताना यू२मध्येही पॉइंट डोळ्यावर सरकवायचा, ही १३ जानेवारीची अट कायम. पाखरांसाठी डायनॅमिक २१ आणि लॉक-ऑन ‘लांब’ एकत्र करून बघायचं बाकी आहे. त्यासाठी ७०-३०० पुरेल की फांद्यांआड तीही चाचपडेल ते भाचीने बघायचं ठरलंय. तिच्या नोंदी ती वेगळ्या वहीत लिहिणार म्हणते.